रस्ता सगळ्यांचा, भिंत मात्र खालांची

मागच्या पावसाळ्याआधी कुपवाडमधल्या आमच्या खालांच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला. घरटी वर्गणी काढून रहिवासी संघानेच कंत्राटदार नेमला होता. जेसीबीच्या धक्क्याने खालांच्या कंपाउंडची भिंत कलली, सांडपाण्याचा पाइप फुटला आणि रस्ता त्यांच्या ओट्याहून वीतभर वर गेला. पहिल्याच जोराच्या पावसात पाणी घरात शिरलं. संघाचे अध्यक्ष म्हणाले, "रस्ता महापालिकेचा, तिकडे जा." कंत्राटदार म्हणाला, "संघानं सांगितलं तेवढंच केलं." शेजारी म्हणाले, "जाऊ द्या हो, सगळ्यांच्या सोयीसाठीच झालंय."

हे 'जाऊ द्या' मला पटत नाही. जुना थर काढून रस्त्याची पातळी कायम ठेवायला पैसे लागतात. संघाने ते वाचवले आणि भुर्दंड एकट्या खालांना पडला. सगळ्यांची सोय असेल तर नुकसानही सगळ्यांनी वाटून घ्यायला नको का?

कुपवाडच्या अशा वसाहती कशा उभ्या राहिल्या हे आपल्याला ठाऊक आहे. एमआयडीसीत काम मिळालं, शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठे तुकडा घेतला, घर बांधलं. १९९८ साली महापालिका आली, २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. पण 'संघ' म्हणजे बऱ्याचदा एक फलक आणि एक पावतीपुस्तक. म्हणून भांडायच्या आधी विचारायचं, संघ नोंदलेला आहे का आणि कोणत्या कायद्याखाली? सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर १९६० च्या सहकार कायद्याचं कलम ९१ लागू होऊ शकतं आणि वाद सहकार न्यायालयात जातो. नसेल तर दिवाणी न्यायालय. तिथे कंत्राटदाराशी व्यवहार कोणी केला, सही कोणाची, हे महत्त्वाचं.

आणि काम नक्की कोणाचं? आम्ही १० रुपये भरून माहिती अधिकारात महापालिकेला विचारलं. या गल्लीसाठी कार्यादेशच निघाला नसल्याचं लेखी उत्तर आलं आणि अध्यक्षांचा मुद्दा संपला. समजा काम महापालिकेचं निघालं असतं, तर घाई करावी लागली असती. महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. तोंडी आश्वासनं ऐकण्यात सहा महिने सहज जातात.

माझी चूकही सांगतो. काम सुरू होण्याआधीचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. भिंत आधीपासूनच कललेली होती, असं संघाने ठोकून दिलं. शेवटी आपाच्या हळदीचा फोटो सापडला, मागे तीच भिंत सरळ उभी!

खालांची खरी अडचण कायद्याची नव्हतीच. गल्लीत आपली घरं मोजकी. "तक्रार केली तर 'ह्यांचं नेहमीचंच' म्हणतील," ही भीती त्यांना होती. जमातीतले वडीलधारे मध्यस्थीला तयार होते. मी नको म्हटलं. समोरचा पक्ष जमातीचा नाही, वाद रस्त्याचा आहे, मग तो गल्लीतच आणि रहिवासी म्हणूनच मांडायला हवा. आणखी दोन घरांत पाणी शिरलं होतं, त्यांची आडनावं वेगळी. अर्जावर तिन्ही घरांच्या सह्या झाल्या, वर्गणीच्या पावत्यांचे नंबर घातले. त्यानंतर बैठकीत कोणी 'ह्यांचं' म्हणालं नाही.

संघ तरीही टाळत होता. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. दावा लावण्याआधीही लोकअदालतीत जाता येतं, फी लागत नाही. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचावी. शिवाय स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे खालांना माहीत नव्हतं, खरं तर मलाही नव्हतं.

पाइप आणि पाणी वळवणारी गटार संघाने करायची, भिंतीचा निम्मा खर्च कंत्राटदाराने द्यायचा असं ठरलं. उरलेला निम्मा खालांनी सोडला. मी सोडला नसता. गटार झाली आहे, भिंतीचं काम दिवाळीनंतर आहे.