चाळीस हेडर

बेळगावच्या आठवणी निघाल्या की कुंदा, तालीम, गणपती हमखास येतात. फुटबॉल फारसा येत नाही. साठच्या दशकात आम्ही टिळकवाडीतली पोरं पावसाळाभर खेळायचो. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन दगड व्हायचा. आमचा सेंटर हाफ उंच, त्यामुळं प्रत्येक उंच चेंडू त्याच्याच डोक्यावर. डोळ्यांपुढं काजवे चमकले की घोटभर पाणी पिऊन पुन्हा मैदानात. "डोस्कं हाय की नारळ रे?" म्हणून आम्ही हसायचो.

आज तो माझं नाव विसरतो. फुटबॉलमुळंच असं मी म्हणणार नाही. वय आहे, साखरही आहे. पण परवा दहा वर्षांचा नातू सराव करून आला आणि म्हणाला, "आजोबा, आज चाळीस हेडर मारलो की!" मला काही शाबास म्हणवेना.

जेफ ॲस्टल हा इंग्लंडचा फॉरवर्ड हेडिंगसाठीच प्रसिद्ध. २००२ साली, ५९ व्या वर्षी गेला. वर्षानुवर्षं चेंडू डोक्यावर घेतल्यानं जडलेला व्यवसायजन्य आजार, असा मृत्यूच्या अधिकृत चौकशीचा निष्कर्ष निघाला. २०१९ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी, पण मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं सुमारे साडेतीन पट. बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही, बघा. प्रत्येक हिसक्याला मेंदू कवटीच्या आत हलतो, त्याचे तंतू ताणले जातात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रिकरिंगचा हप्ता छोटाच असतो. रक्कम मुदत संपल्यावर कळते.

मुलगा म्हणतो, "बाबा, आता चेंडू पाणी पीत नाहीत." खरं आहे. पण कोरड्या चेंडूचं वजनही ४१० ते ४५० ग्रॅम असतं, आणि दहा वर्षांच्या पोराची मान ती केवढी! कोच म्हणतात, तंत्र लहानपणीच बसतं. मग पायाचं बसवा की. इंग्लंड-स्कॉटलंडात २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना सरावात हेडिंग शिकवत नाहीत. तिथला फुटबॉल काही बंद पडलेला नाही.

खेळ सोडा असं मी नातवाला सांगणार नाही, माझी तरुण वर्षं त्या चिखलातच गेलीत. पण बारा वर्षांच्या आतल्या पोरांना हेडिंगचा सराव नको, एवढं शनिवारी कोचना भेटून सांगणार आहे. ज्यांची नातवंडं तिथं येतात त्यांनी सोबत या. एकट्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय?