घाम मुलीचा, दोष कुणाचा?

मुलगी सातवी-आठवीत गेली की तिच्यावर उपदेशांचा मारा सुरू होतो. त्यातला एक उपदेश असा : काखेतला घामाचा डाग दिसू देऊ नकोस. ओढणी नीट घे, उकडलं तरी जाकीट काढू नकोस. मुलीही निमूटपणे शिकतात. शाळांमधून किशोरवयीन मुलींच्या बैठका घेताना हे पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतं. उत्तर येत असूनही हात वर करायचा नाही, फळ्यावर लिहायला जायचं नाही, खो-खो टाळायचा, दप्तर छातीशी धरून चालायचं. आपण याला 'वयाचा लाजाळूपणा' म्हणून सोडून देतो. मला हे मान्य नाही. वर्गात हात वर करायला घाबरणारी मुलगी हळूहळू शिक्षणातूनच बाजूला पडत असते.

घाम वाळताना शरीर थंड होतं, म्हणून तो येतो. वयात येताना काखेतल्या वेगळ्या ग्रंथी काम करू लागतात. मुलग्यांच्याही आणि मुलींच्याही. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो, त्वचेवरच्या जिवाणूंमुळे तो येतो. तरीही मुलगा घामाघूम होऊन वर्गात आला तर तो 'खेळून आला', आणि मुलीच्या बाहीखाली ओल दिसली तर 'हिला नीट राहता येत नाही'. हा भेद निसर्गाने केलेला नाही.

या लाजेवर बाजाराचा डोळा आहेच. वास घालवण्यावर भागेना, म्हणून आता काख गोरी करण्याचीही उत्पादनं निघाली आहेत. पांढऱ्या गणवेशावरचे पिवळे डाग मात्र बऱ्याचदा नुसत्या घामाचे नसतातच. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून कापडात बसतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर पिवळेपणा वाढू शकतो. त्याच दिवशी गार पाण्यात भिजवून साबणाने धुणं आणि डाग जाईपर्यंत इस्त्री न फिरवणं हे जास्त उपयोगी. ही माहिती मुलींना जरूर द्यावी. पण तेवढ्यावरच थांबलो, तर डाग लपवायला शिकवणाऱ्यांत आपणही जमा होऊ.

खरा प्रश्न कापडाचा आहे. सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल हवेतून धरतं. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यात घाम अंगाला चिकटतो आणि वासही जास्त टिकतो. आत स्लिप, वर पिना लावलेली ओढणी, त्यावर जाकीट. एप्रिलच्या परीक्षेत मुलींच्या अंगावर असे थर, आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा एका शर्टात! कापूस पिकवणाऱ्या विदर्भातल्या मुलीही पॉलिस्टरमध्येच उकडत असतात. समग्र शिक्षा अभियानात आठवीपर्यंतच्या मुलींच्या दोन गणवेशांसाठी वर्षाला जास्तीत जास्त ६०० रुपये धरले आहेत. एका गणवेशाला ३०० रुपये, शिलाईसकट. यात सुती कापड कुठून येणार?

पाण्याचंही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बंधनकारक केलं. पण नळ कोरडा आणि दाराला कडी नाही, अशा ठिकाणी मुलीने मधल्या सुट्टीत काख धुवायची कशी?

मैत्रिणींनो, याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' योजनेखाली राज्याने कापडाची खरेदी स्वतःकडे घेतली होती. तक्रारी आल्या आणि २०२५-२६ पासून सरकारी शाळांच्या गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. म्हणजे निर्णय जिथे होतो तिथे बाया बसलेल्या आहेत. पण त्यांना नुसतं सहीपुरतं बोलावलं जातं.

तेव्हा आपल्या गटांनी या सदस्य बायांना गाठावं. गणवेश ठरवायच्या बैठकीआधी कापडाचा नमुना हातात घेऊन पाहावा, सुताचं प्रमाण विचारावं. उन्हाळ्यात ओढणी-जाकिटाची सक्ती नको, असा ठराव लिहून घ्यावा. स्वच्छतागृहात रोज पाणी आणि दाराला कडी मागावी. ६०० रुपयांची मर्यादा वाढवा, असं निवेदन जिल्हा परिषदेमार्फत वर पाठवावं. आणि शिक्षकांशीही बोलावं. मुलीच्या कपड्यांवरून वर्गात शेरा मारायचा अधिकार त्यांना कुणीही दिलेला नाही.