आजोबांचा गुडघा किती अंश वाकतो?

दोस्तांनो, कंपासपेटीतला कोनमापक बाहेर काढा बरं! आता पलंगावर उताणे झोपा. पाय सरळ असला की गुडघ्याचा शून्य अंश धरायचा. मग टाच हळूहळू मांडीकडे ओढा आणि ताईला किंवा दादाला कोन मोजायला सांगा. धडधाकट गुडघा साधारण १४० अंशांपर्यंत वाकतो. तुमचा किती भरला?

तुम्ही म्हणाल, हा काय खेळ? पण अमेरिकेत काही सिस्टर हे मोजमाप पोटापाण्यासाठी करतात, आणि त्यावर कुणाची तरी भरपाई अवलंबून असते. आज त्यांच्याच कामाची ओळख करून घेऊ या.

त्यांना म्हणतात नर्स प्रॅक्टिशनर. आधी नर्सिंगची पदवी, मग वरचं शिक्षण, मग परीक्षा आणि परवाना. एवढं झालं की त्या स्वतः रोगी तपासतात, निदान करतात, औषधंही लिहून देतात. याची सुरुवात १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाबरोबर पहिला अभ्यासक्रम आखला, आणि तो होता मुलांना तपासण्यासाठी! फोर्डबाई १०४ वर्षं जगल्या. २०२५ साली त्या गेल्या.

यातल्या काही जणी (आणि काही 'ब्रदर'सुद्धा बरं का!) माजी सैनिकांचे अर्ज आले की तपासणीला बसतात. सैन्यात असताना इजा झाली, आजार जडला, तर तिथलं माजी सैनिक खातं दरमहा भरपाई देतं. त्याला सगळे 'व्हीए' म्हणतात. अपंगत्व ० ते १०० टक्के, दहा-दहाच्या पायरीने मोजतात. गुडघा ४५ अंशांवरच अडला तर १० टक्के, ३० अंशांवर २०, आणि १५ अंशांवर ३०.

गंमत म्हणजे इथे सिस्टर औषध देत नाहीत. आजोबांनी कितीही म्हटलं, "एखादी गोळी लिहून द्या की," तरी नाही. टक्के ठरवणंही त्यांच्या हातात नाही. ते काम कचेरीतला अधिकारी करतो, आणि तो आजोबांना सहसा पाहतही नाही. तो पाहतो कागद, आणि त्यात सिस्टरनी लिहिलेला अहवाल. म्हणजे अहवालात जे आलं नाही, ते त्याच्या नजरेतून सुटू शकतं!

म्हणून गुडघा एकदा वाकवून भागत नाही. लांब पट्ट्यांचा कोनमापक लावायचा, दुखणं कुठे सुरू झालं तो अंश टिपायचा, मग पुन्हा तीनदा वाकवून बघायचं. आणि विचारायचं, "जास्त दुखतं त्या दिवशी काय होतं?" मला वाटतं, खरं कसब इथे लागतं. कारण शिपाईगडी सवयीने सांगतो, "काही नाही, ठीक आहे." त्याला जिना चढता येतो का, बुटाची नाडी बांधता येते का, असं विचारत विचारत खरी गोष्ट बाहेर काढावी लागते. कानाची, डोळ्यांची, मनाची तपासणी मात्र त्या त्या तज्ज्ञाकडे.

आता पुढची अडचण बघा. दुखणं आहे हे दिसलं. पण ते सैन्यातल्या नोकरीमुळेच झालं कशावरून?

समजा, नव्वदी ओलांडलेले एक आजोबा आले. १९५० च्या हिवाळ्यात ते कोरियाच्या युद्धात होते. कडाक्याच्या थंडीत पाय गोठले, ते आजही बधिर आहेत. सिस्टर जुनी फाइल मागवतात, तर फाइलच नाही! १२ जुलै १९७३ ला सेंट लुईस इथल्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त सैनिकांच्या फायली जळून गेल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून निवृत्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात गेल्या. नकला नव्हत्याच.

मग आजोबांनी घरी जायचं? नाही. कागद नाही एवढ्याच कारणाने 'नाही' लिहिता येत नाही. आजोबांचं सांगणं, बरोबरच्या सैनिकाने लिहून दिलेली हकिकत, नखांचा आणि कातडीचा रंग, कापसाचा स्पर्श कळतो की नाही, सगळं विचारात घ्यायचं. क्रिकेटमध्ये संशयाचा फायदा फलंदाजाला मिळतो ना? तिथल्या कायद्यात तो सैनिकाला मिळतो. दोन्ही बाजू सारख्याच वजनाच्या असतील, तर कौल सैनिकाच्या बाजूने.

पण सिस्टरना नुसतं 'हो' किंवा 'नाही' लिहून चालत नाही. गणिताच्या पेपरात पायऱ्या दाखवता ना, तशी कारणं लिहावी लागतात. कारणं नसतील तर अहवाल परत येऊ शकतो, आणि तोवर आजोबा वाट पाहत बसतात. नव्वदीत वाट पाहणं म्हणजे काय, ते तुमच्या घरच्या आजोबांना विचारा.

आपल्याकडे सैनिक सेवेतून बाहेर पडताना लष्करी डॉक्टरांचं वैद्यकीय मंडळ त्याला तपासून टक्केवारी लिहितं. सातारा-कोल्हापूरकडच्या दोस्तांनो, घरात कुणी माजी सैनिक असतील तर त्यांना त्या दिवसाबद्दल जरूर विचारा.

आणि आता तुमच्यासाठी एक गणित. व्हीएचे टक्के सरळ मिळवत नाहीत! एका दुखण्याचे ५० टक्के आणि दुसऱ्याचे ३०, तर उत्तर ८० नाही. आधी १०० मधून ५० गेले. उरलेल्या ५० चे ३० टक्के म्हणजे १५. झाले ६५. ते जवळच्या दहाला नेले की ७०. आता याच आजोबांना तिसऱ्या दुखण्याचे २० टक्के मिळाले. (६५ वरून पुढे चला, ७० वरून नव्हे.) त्यांची भरपाई किती वाढली? उत्तर पुढच्या अंकात. तोवर आई-बाबांनाही घालून पाहा, बघू जमतं का!