सायकलस्वारामागची गाडी

नागपूरचे डॉ. अमित समर्थ हे माझ्यासारखेच एम.बी.बी.एस.; पुढे अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. जून २०१७ मध्ये त्यांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. त्या वर्षी ओशनसाइड ते अ‍ॅनापोलिस हे सुमारे ४,९०० किलोमीटर अंतर १२ दिवसांत कापायचे होते. त्यांना ११ दिवस २१ तास लागले. त्याच वर्षी त्यांच्या काही तास आधी लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पुरी केली होती. पुढच्या वर्षी समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यतही पार पाडली.

या पराक्रमात मला विशेष रस आहे तो सायकलस्वारामागून येणाऱ्या गाडीतील मंडळींविषयी. अमेरिकेतील त्या स्पर्धेत घड्याळ झोपेतही थांबत नाही. अपुऱ्या झोपेने स्वाराची विवेकबुद्धी मंदावते. तहान लागली आहे हेही त्याच्या ध्यानी येईनासे होते. म्हणून त्याने कधी प्यावे, काय खावे, किती वेळ निजावे, हे सोबतची माणसे ठरवतात आणि त्याची वेळच्या वेळी नोंद ठेवतात.

सत्तरी ओलांडलेल्या आपल्या आईवडिलांची तहानही अशीच बोथट झालेली असते. त्यांनी पाणी मागण्याची वाट पाहू नये. एक साधी वही करावी. तीत पाणी, लघवी, जेवण व औषधे यांच्या वेळा लिहाव्यात. वृद्ध व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागली वा सुस्त पडून राहू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी वहीसह डॉक्टरांकडे न्यावे. शरीरातील पाणी कमी होणे हे त्यामागील एक नेहमीचे कारण आहे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे दुसरे.

आणखी एक. त्या गाडीतील माणसे आळीपाळीने झोपतात. आपल्याकडे मात्र मुलगा चाकणला रात्रपाळीला, आणि सासूबाईंचा दिवस-रात्र दोन्ही एकट्या सुनेकडे! भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुटी असते. निदान त्या रात्री तरी मुलाने आईजवळ निजावे आणि सुनेला दुसऱ्या खोलीत अखंड झोप मिळू द्यावी.

हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांना मात्र अधिक पाणी अपायकारक ठरू शकते. त्यांच्यासाठी दिवसाचे माप आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे व वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.