सातबाऱ्यावरचे नाव



गेल्या महिन्यात नाशिक जिल्ह्यातील एका कांद्याच्या गावात एक आजी वारल्या. जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण परकर नेसून शेळ्या राखत होतो, एवढे त्या सांगत. त्या हिशेबाने वय ८५ च्या पुढचे.

१९५६ साली हिंदू वारसा कायद्याने लेकीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला. त्याच सुमारास त्यांचे लग्न झाले. वाटा मागितला तर माहेर तुटते, म्हणून त्यांनी तो कधी मागितला नाही. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी तान्हे पोर झाडाखाली निजवून खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. १९८० साली कांदा-उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातले रस्ते अडले, तेव्हा त्या रस्त्यावर बसल्या. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. फडक्यात भाकरी बांधून त्या तिथेही गेल्या. पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा, असे सांगितले. अनेक गावांनी ते ऐकले. आजींच्या मालकांच्या छातीवरही बिल्ला होता. सातबारा मात्र होता तसाच राहिला.

त्यावर आजींचे नाव चढले ते मालक गेल्यावर, वारस म्हणून. ५० वर्षे रोप लावले, खुरपले, कांदा काटला, चाळ भरली; नाव लागायला कुंकू पुसावे लागले. २००५ साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती देशभर लागू झाली. त्यानंतर याच घरातल्या लेकीने भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही केली.

कायदे झाले नाहीत, असे आम्हाला म्हणता येत नाही. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत, आणि उंबऱ्याच्या आत बोलायला आपण कार्यकर्तेही कचरलो.

उत्पादनखर्चात घरच्या माणसांची मजुरी पुरती धरा, म्हणून आपण सरकारशी भांडतो. त्या मजुरीतला मोठा भाग बाईच्या हातचा. तिच्या घामाचा दाम सरकारकडे मागायचा आणि घरच्या उताऱ्यावर तिला जागा द्यायची नाही, हा हिशेब कुठल्या तोंडाने मांडायचा?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणावा. घरच्या बाईचे नाव त्यावर असेल तर तिलाही आणावे. नसेल तर आणावेच. ती हयात आहे, मालक हयात आहे, तोवर हे काम व्हायला हवे.