कंपनीचे कार्ड की आजारपणाची बचत?



सोयाबीन विकून हातात पैसे आले की घरात त्याचे वाटे पडतात. बियाण्याचा, खताचा, मुलांच्या फीचा, सोसायटीच्या हप्त्याचा. आजारपणाचा वाटा मात्र कोणी काढून ठेवीत नाही. मग घरात कोणी अंथरुणाला खिळले की दागिने गहाण पडतात, आणि त्यानेही भागले नाही तर जमिनीवर कर्ज काढावे लागते.

आपल्या राजेंद्र नगरपासून राऊ-महूपर्यंतच्या शेतकरी घरांतील पुष्कळ मुले आता पीथमपूरच्या कारखान्यांत कामाला जातात. त्यामुळे दोन तऱ्हेची बोलणी आमच्या कानावर येतात. कोणी म्हणतो, "मुलाला कंपनीचा विमा आहे, आम्हाला कसली काळजी?" तर कोणी म्हणतो, "विम्याचा हप्ता म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. तेवढेच पैसे पोस्टात टाकू. अमेरिकेत लोक आजारपणासाठी बचत खातेच ठेवतात." आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे.

आधी कंपनीच्या कार्डाकडे पाहू. कामगार राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. जुलै २०१९ पासून कामगाराच्या मजुरीतून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे १५,००० रुपये मजुरीवर मुलाचे जातात ११२ रुपये ५० पैसे, मालकाचे ४८७ रुपये ५० पैसे. एवढ्यात दवाखाना, औषधे, इस्पितळ, शस्त्रक्रिया, सारे मिळते. एवढे स्वस्त संरक्षण बाजारात मिळणार नाही. कार्ड असून दवाखान्यात रांग लागते म्हणून ते पेटीत ठेवून देणे हा आपलाच तोटा.

पण या कार्डाला दोन मर्यादा आहेत. एक, आईवडिलांचे नाव त्यात लागते ते मुलावर अवलंबून असतील तरच. शेतीचे स्वतंत्र उत्पन्न असलेल्या बापाने आपले नाव आपोआप आले आहे असे समजू नये. जास्त पगाराच्या मुलांना या योजनेऐवजी कंपनीची सामूहिक पॉलिसी मिळते. तिच्यातही आईवडील धरले आहेत की नाहीत हे विचारून घ्यावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक मोठी. हे संरक्षण नोकरीला बांधलेले असते. नोकरी गेली की थोड्याच काळात तेही जाते. इंदूरकरांना हे नव्याने सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघायला २५ डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. हक्काच्या पैशाला ३२ वर्षे लागतात, तर नोकरीवर टांगलेल्या सवलतीचा भरवसा किती धरावा?

आता बचतीकडे वळू. बचतीचा गुण असा की पैसा आपला राहतो. या वर्षी आजारी पडलो नाही तर तो पुढच्या वर्षी कामाला येतो. पण हिशेब करून पाहा. महिन्याला १,००० रुपये टाकले तर वर्षाचे १२,००० होतात. दोन लाखांची शस्त्रक्रिया निघाली तर तेवढी रक्कम जमायला, व्याज सोडून, सोळा वर्षांहून अधिक लागतील. आणि आजार सोळा वर्षे थांबत नाही.

अमेरिकेचे उदाहरण देणारे एक गोष्ट विसरतात. तेथील आरोग्य बचत खाते २००३ च्या कायद्याने आले आणि २००४ पासून सुरू झाले. पण ते विम्यावाचून उघडताच येत नाही. ठराविक रकमेपर्यंतचा खर्च आपल्या खिशातून आणि त्यापुढचा विमा कंपनीकडून, अशी पॉलिसी आधी घ्यावी लागते. २०२५ साली कुटुंबासाठी ही खिशातली रक्कम किमान ३,३०० डॉलर होती, आणि खात्यात वर्षाला ८,५५० डॉलरपर्यंत टाकता येत होते. म्हणजे तेथेही बचत विम्याच्या जागी नाही, विम्याच्या जोडीला आहे. शिवाय त्या खात्याचे मोठे आकर्षण म्हणजे करात सूट. आपले शेतीचे उत्पन्न आधीच प्राप्तिकरातून मुक्त आहे. तेव्हा ते आकर्षण आपल्याला कितीसे उपयोगी?

आपल्याजवळचाच एक धडा आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ऐंशीच्या दशकात आसपासच्या खेड्यांत ज्वारीच्या रूपाने विमा चालवला. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने एकरांच्या मानाने जास्त. त्या बदल्यात घरच्यांना रुग्णालयात सवलतीने उपचार मिळत. एका घराच्या कणगीतून शस्त्रक्रियेचा खर्च निघत नाही, साऱ्या गावाच्या कणगीतून निघतो. विम्याचे मर्म एवढेच आहे. ज्या वर्षी आपण धडधाकट राहिलो त्या वर्षी आपली ज्वारी शेजाऱ्याच्या कामी आली. तिला पाण्यात गेली असे कोणी म्हणू नये.

म्हणून आमचा सल्ला असा: मोठ्या आजाराला विमा, लहान आजाराला बचत.

१. मुलाचे कार्ड काढून त्यात कोणाकोणाची नावे आहेत ते आज पाहा.

२. आयुष्मान योजनेत आपले घर बसते का ते तपासा. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत इस्पितळातील उपचार मिळतात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ती लागू झाली आहे. आजीआजोबांचे कार्ड आधी काढा.

३. या दोन्हींत जे बसत नाहीत त्यांनी धडधाकट असतानाच स्वतःची पॉलिसी घ्यावी. जुन्या आजारासाठी काही काळ थांबावे लागते. एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे केला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटीही उठला आहे. मुलाने नोकरी सोडताना सामूहिक पॉलिसी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागावी.

४. पोस्टात वेगळी आवर्ती ठेव उघडा. रक्तदाबाच्या गोळ्या, रक्ततपासणी, चष्मा, इस्पितळाचे येणेजाणे, हा खर्च बहुतेक विम्यांत बसत नाही. त्याला ही ठेव. लग्नकार्याला तिला हात लावू नये.

पेरणीच्या वेळी घरात कितीही ओढ असली तरी आपण बियाणे दळून खात नाही. आजारपणाच्या वाट्यालाही तोच नियम लावावा. सुगीचा पैसा हातात आहे तोवरच हा वाटा निघतो. तो याच आठवड्यात काढावा.