हौशी मंडळींचें मौन

आमच्या परिचयाचे एक पुणेकर गृहस्थ आहेत. त्यांस इलेक्ट्रॉनिक जोडण्यांचा मोठा नाद. गच्चीवरील टाकींत पाणी किती उरलें हें खालीं स्वयंपाकघरांत दाखविणारें एक यंत्र त्यांनीं बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींतून सुटे भाग आणून स्वतः बनविलें. गेल्या पावसाळ्यांत तें भलतेच आंकडे दाखवूं लागलें. चार रात्री खर्चून त्यांनीं दोष हुडकला, यंत्र सुरळीत केलें, आणि आम्हांस चहास बोलावून ती सर्व हकीकत रंगवून सांगितली. "हें कोठें लिहून ठेवलेंत काय?" असें आम्हीं विचारतांच ते हंसून म्हणाले, "छे हो! लिहावयास वेळ कोणास आहे? आणि मी कोण एवढा तज्ज्ञ लागून गेलों?"

या उत्तरास लोक विनय म्हणतील. आम्ही त्यास ऋण बुडविण्याची सभ्य रीत म्हणतों. हेच गृहस्थ या छंदांत शिरले तेव्हां त्यांच्या हाताशीं काय होतें? विकी नांवाचीं तीं सामाईक पानें, जीं कोणीहि वाचावीं, कोणीहि दुरुस्त करावीं, आणि ज्यांवरील प्रत्येक फेरफाराची नोंद मागें शिल्लक राहते. १९९५ सालीं वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थानें हा प्रकार प्रथम सुरू केला. हवाई बेटांच्या भाषेंत ‘विकी’ म्हणजे जलद. या पानांवर ज्यांनीं लिहिलें त्यांचीं नांवें आमच्या मित्रांस ठाऊक नाहींत. त्यांच्या श्रमावर मात्र यांच्या घरचें यंत्र चाललें आहे.

२०१४ सालची गोष्ट घ्या. शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीची ‘ईएसपी ८२६६’ ही चिप बसविलेलें एक लहानसें, अतिशय स्वस्त मॉड्यूल त्या वर्षीं बाजारांत आलें. त्याच्या साहाय्यानें कोणत्याहि यंत्रास वाय-फायवरून बोलतां येई. अडचण एवढीच कीं, त्याची माहिती बहुतेक सारी चिनी भाषेंत होती. तेव्हां देशोदेशींच्या हौशी लोकांनीं ते चिनी कागद भाषांतरिले, एकेक आज्ञा देऊन पाहिली, कोणता पाय वर ओढावा व कोणता खालीं हें तपासलें, आणि जें जें सांपडलें तें सामाईक पानांवर मांडलें. पुढें घरोघरच्या कित्येक ‘स्मार्ट’ दिव्यांत व स्विचांत हीच चिप जाऊन बसली.

त्यांतील एकच बाब नमुन्यादाखल सांगतों. हें मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालतें. संदेश धाडतांना तें क्षणभर दोनशें-तीनशें मिलीअँपिअर वीज ओढतें. नवशिका तें ‘आर्डुइनो उनो’ या प्रसिद्ध बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या टोकास जोडतो, आणि त्या टोकाची शक्ति ५० मिलीअँपिअरची. मग मॉड्यूल सुरू होतें, वाय-फाय शोधूं लागतें, आणि नेमकें त्याच क्षणीं झोंपीं जातें. बिचारा नवशिका आपल्या प्रोग्रामांत चूक शोधीत बसतो! आतां पाहा, मॉड्यूल एका कंपनीचें, बोर्ड दुसरीचें. प्रत्येकीचें पत्रक आपापल्या परीनें खरें आहे. परंतु दोहोंच्या सांध्यावर जो दोष उपजतो तो कोणत्याच पत्रकांत मावत नाहीं. तो दिसतो फक्त जोडणाराला. त्यानें लिहिलें नाहीं तर तो लिहिणार तरी कोण?

‘मी तज्ज्ञ नाहीं’ ही सबब म्हणूनच आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तज्ज्ञ आपण कोठें ठेंचाळलों हें केव्हांच विसरलेला असतो. नवशिक्याचा आंगठा अजून दुखत असतो. २०१२ सालीं ‘रास्पबेरी पाय’ हा चिमुकला संगणक निघाला तेव्हां ‘ई-लिनक्स’ विकीवर कोणतीं मेमरी कार्डें व कोणते कीबोर्ड त्यास मानवतात याची यादी तयार झाली. तिच्यांत विद्वत्ता कसली? हें कार्ड चाललें, हें नाहीं चाललें, एवढेंच. पण त्या एकेका ओळीनें कोणाचे तरी पैसे वांचले असतील.

इंग्रजी कच्चें, ही दुसरी सबब. व्होल्टांचे आंकडे बरोबर असले म्हणजे व्याकरण दुसरा कोणीतरी नीट करतो. विकीची सोय आहेच ती! आणि मराठींत लिहावयाचें तर २००३ पासून मराठी विकिपीडिया उघडा आहे. तेथें आपल्या कपॅसिटरवर दोन परिच्छेद कोणी लिहिले तर कोण अडविणार?

कित्येक सांगतात कीं, आम्ही व्हिडिओ करून टाकतों. करा बापडे. परंतु वीस मिनिटांच्या व्हिडिओंत सतराव्या मिनिटाला चुकीचा रेझिस्टर दाखविला असला तर तो आम्हीं कसा दुरुस्त करावा? ती तुमच्या अंगणांतील विहीर. गांवानें तीतून पाणी प्यावें, गाळ मात्र काढूं नये.

एक आक्षेप तेवढा खरा आहे. आम्ही फुकट लिहावें, आणि त्यावर कंपन्यांनीं माल खपवावा, हें काय? शिवाय पानें ज्याच्या घरीं, मर्जी त्याची. आर्डुइनोचें ‘प्लेग्राउंड’ नांवाचें विकी वर्षानुवर्षें हौशी लोकांनींच लिहिलें होतें. ३१ डिसेंबर २०१८ पासून तें केवळ वाचण्यापुरतें राहिलें, लेखण्या बंद. याचा राग आम्हांसहि आला. पण यावरून न लिहिणें हा निष्कर्ष कसा निघतो? कोठें लिहावें हें पाहून लिहावें, इतकेंच निघतें. ज्या पानांची सबंध नक्कल उतरून घेतां येते, आणि जीं ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या अशा परवान्याखालीं आहेत कीं त्यांत भर घालून प्रसिद्ध करणारानें तीहि त्याच अटीवर मोकळी ठेविली पाहिजे, तेथें लिहा.

असो. आमच्या मित्रांनीं अखेरपर्यंत लिहिलें नाहींच. तेव्हां त्यांच्या तोंडून ऐकलेलें आम्हींच एका विकीवर उतरून टाकलें: ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची पातळी मोजणारा उघडा सेन्सर टाकीच्या झांकणाखालीं बसविल्यास पावसाळ्यांत त्याच्या तोंडावर दंव धरतें व मापें चुकतात; पाणी न शिरणारा सेन्सर घ्यावा, मात्र त्यास २० सेंटिमीटरपेक्षां जवळचें दिसत नसल्यामुळें टाकीच्या भरतीपासून तो तितका उंच बसवावा. पंधरा दिवसांनीं पान उघडलें तों कोणा अनोळखी माणसानें खालीं भर घातली होती: जुन्या मॉड्यूलास २५ लागतात. आम्हीं मित्रांस तसें कळविलें. त्यांचें मॉड्यूल जुनेंच निघालें.